कानाला करंट लावून पोटाचा आजार बरा होतो का? आयबीएसवरच्या नव्या उपचाराची चाचणी काय सांगते, पैसे भरण्याआधी काय विचारायचं

पाटण : चेंबूरला मैत्री पार्कच्या थांब्यावर आपल्याकडच्या गाड्या थांबतात, हे पाटण-जावळीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गेल्या महिन्यात मी तिथंच उतरलो. चुलत भावाकडं मुक्काम होता. त्याचा पोरगा अकरावीला आहे. दीड वर्ष झालं, त्याच्या पोटाचं गाऱ्हाणं चालू आहे. सकाळी कॉलेजला निघायच्या वेळेला पोटात पीळ पडतो, दोन-तीनदा संडासला जावं लागतं, मग जरा बरं वाटतं. परीक्षा जवळ आली की जास्तच. सहामाहीचे दोन पेपर त्यानं याच पायी बुडवले. सोनोग्राफी केली, त्यात काही नाही. डॉक्टर म्हणाले, आयबीएस आहे.

रात्री जेवणं झाल्यावर भावानं एक पत्रक माझ्यापुढं ठेवलं. तिथल्याच एका दवाखान्याचं. 'कानाच्या नसेला करंट, पोटाचा आजार मुळापासून बरा, अमेरिकेत मान्यता.' दहा बैठका, १८ हजार रुपये. भाऊ म्हणाला, "दादा, तू बातम्या लिहितोस. हे खरं का खोटं तेवढं बघून सांग. खरं असंल तर गावाकडचं उसाचं बिल आल्यावर भरतो."

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. पत्रकातलं थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या आधारावर बरंच काही विकलं जातंय. पोटाच्या या तक्रारीनं हैराण झालेली माणसं आपल्या तालुक्यातही पुष्कळ आहेत. म्हणून जे समजलं ते इथं क्रमानं देतो.

आयबीएस म्हणजे नेमकं काय?

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडकं आतडं. यात पोट दुखतं, आणि ते दुखणं शौचाशी जोडलेलं असतं. कुणाला जुलाब होतात, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून पालटून दोन्ही. डॉक्टर मंडळी यासाठी 'रोम निकष' वापरतात. त्याची चौथी आवृत्ती २०१६ साली आली. मोठ्या माणसाच्या बाबतीत गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलं पाहिजे, तक्रार सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली पाहिजे, आणि तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला जाण्याच्या संख्येत बदल आणि मळाच्या स्वरूपात बदल, या त्या तीन गोष्टी.

या आजारात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. त्यामुळं सोनोग्राफी आणि रक्त 'नॉर्मल' येतं आणि घरचे म्हणतात, नाटकं करतो. पण दुखणं खरं असतं. आतड्याच्या हालचालीत आणि आतड्याकडून मेंदूला जाणाऱ्या निरोपात बिघाड असतो. साधा वायू झाला तरी मेंदूला तो दुखण्याचा निरोप म्हणून पोचतो.

हा फक्त शहरातल्या लोकांचा आजार, असंही नाही. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या कार्यगटानं २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वसाधारण लोकांमध्ये याचं प्रमाण ४.२ टक्के निघालं. हरियाणात बल्लभगडच्या ग्रामीण भागात दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी पाहणी केली, तिथंही साधारण ४ टक्के. म्हणजे हजार वस्तीच्या गावात तीस-चाळीस माणसं सहज निघतील.

कानाचा आणि पोटाचा संबंध काय?

मेंदूच्या बुडातून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातली दहावी व्हेगस. ही सगळ्यात लांबवर जाते. गळा, हृदय, फुफ्फुसं, जठर असं करत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत पोचते. आपल्याला वाटतं मेंदू हुकूम देतो आणि पोट ऐकतं. पण व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू उलट्या दिशेनं काम करतात, पोटाकडची खबर मेंदूला नेतात.

याच नसेची एक छोटी फांदी कानाच्या पाळीच्या वरच्या खोलगट भागात येते. कान कोरताना काडी आत गेली की काही जणांना एकदम खोकला येतो, तो या फांदीमुळंच. पोटातली नस चिरफाड केल्याशिवाय हाताला लागत नाही, कानातली लागते. तिला बारीक करंटचे ठोके दिले तर मेंदूपर्यंत निरोप जाईल आणि पोटाच्या दुखण्याची तार जरा सैल होईल, असा या उपचारामागचा विचार आहे.

व्हेगस किती जोमानं काम करते याचा अंदाज नाडीवरून येतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हा फरक नीट दिसत असेल तर व्हेगसचं काम चांगलं चाललंय असं धरतात. चेंबूरच्या पलीकडं तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या शास्त्रज्ञांनी नाडीतला असा बारीक बदल मोजणारं उपकरण पूर्वीच तयार केलेलं आहे. म्हणजे नस आणि नाडीचं हे शास्त्र आपल्याला परकं नाही.

नसेला करंट देण्याचा प्रकारही नवा नाही. छातीत यंत्र बसवून मानेतल्या व्हेगसला ठोके देण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९७ साली फेफऱ्यासाठी आणि २००५ साली औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्यता मिळाली. पोटाच्या दुखण्यासाठी कानावरून करंट देणं हे मात्र अलीकडचं.

अमेरिकेत मान्यता मिळाली ती कशाला?

७ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, 'आयबी-स्टिम' नावाच्या उपकरणाला परवानगी दिली. कुणासाठी, हे नीट वाचा. ११ ते १८ वर्षांची मुलं, ज्यांना आयबीएस आहे आणि पोटात दुखतं. ते उपकरण डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि आयबीएसच्या दुसऱ्या उपचारांच्या जोडीनं वापरायचं असतं.

उपकरण छोटं आहे. बॅटरीवर चालणारी चिप कानामागं चिकटवतात. तिच्यातून निघालेल्या तारांच्या टोकाला बारीक सुया असतात, त्या कानाच्या कातडीत जेमतेम टोचतात. करंट साधारण ३.२ व्होल्टचा. आपल्या कुंपणाच्या झटका मशीनसारखेच थांबून थांबून ठोके येतात. पण झटका मशीन डुकराला पळवून लावायला हजारो व्होल्टचा ठोका देतं, इथला ठोका बऱ्याच मुलांना जाणवतही नाही. एक चिप सलग पाच दिवस ठेवायची, मग बदलायची, असं २०१९ च्या परवानगीत जास्तीत जास्त तीन आठवडे होतं.

चाचणी कशी घेतली?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मुलांच्या रुग्णालयात ही चाचणी झाली आणि २०१७ साली 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या मासिकात छापून आली. पोटदुखीची ११५ मुलं घेतली. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटातल्या ६० जणांना खरं उपकरण लावलं. दुसऱ्या गटातल्या ५५ जणांना दिसायला हुबेहूब तसंच, पण करंट नसलेलं. आपल्याला कुठलं लावलंय हे मुलांना माहीत नव्हतं.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. कंपनीचा माणूस येतो, म्हणतो हे टॉनिक फवारा, सोयाबीन बघा कसं उठतं. आपण फवारतो, पीक उठतं. पण त्याच आठवड्यात पाऊसही झालेला असतो. टॉनिकनं उठलं का पावसानं, हे कळायचं तर शेजारचा एक पट्टा नुसतं पाणी फवारून ठेवावा लागतो. त्या पट्ट्यातलं पीकही तेवढंच उठलं, तर टॉनिकचे पैसे पाण्यात. चाचणीतलं बिनकरंटचं उपकरण म्हणजे तो नुसत्या पाण्याचा पट्टा.

आयबीएसमध्ये तर असा पट्टा ठेवल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. हा आजार आपोआप कमी-जास्त होतो. माणूस दवाखान्यात जातो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेला त्रास काही दिवसांनी तसाही उतरतो. शिवाय आपली कुणीतरी दखल घेतली, उपचार सुरू झाला, यानंही बरं वाटतं. २०१० साली अमेरिकेत ८० आयबीएस रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला, 'या गोळीत औषध नाही' असं स्पष्ट सांगून रिकाम्या गोळ्या दिल्या. त्या गटातल्या ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. ज्यांना गोळ्याच दिल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के होतं.

आकडे काय सांगतात?

एफडीएनं त्या चाचणीतल्या आयबीएस असलेल्या ५० मुलांचे आकडे पाहिले. २७ जणांना खरं उपकरण होतं, २३ जणांना बिनकरंटचं. नेहमीचं दुखणं किमान ३० टक्के कमी झालं, अशी मुलं तीन आठवड्यांनंतर खऱ्या गटात ५२ टक्के होती आणि बिनकरंटच्या गटात ३० टक्के. सगळ्यात वाईट दुखणं तेवढंच कमी झालेली मुलं खऱ्या गटात ५९ टक्के, दुसऱ्या गटात २६ टक्के.

याचा सरळ अर्थ असा. शंभर मुलांना उपकरण लावलं तर नेहमीच्या दुखण्यात बावन्न जणांना फरक पडेल. पण त्यातल्या तीस जणांना बिनकरंटच्या उपकरणानंही पडला असता. करंटचं म्हणून जे श्रेय आहे ते उरलेल्या बावीस जणांपुरतं. अठ्ठेचाळीस जणांना तेवढा फरक पडणार नाही. आणि 'फरक' म्हणजे दुखणं दहावरून सातवर आलं तरी तो मोजला आहे. मुळापासून बरं होणं ही भाषा चाचणीत कुठंच नाही.

तरी बावीस जण ही छोटी गोष्ट नव्हे. ज्या पोरांना दुसऱ्या कशानं आराम पडत नाही, त्यांच्यासाठी हा खरा मार्ग आहे. त्रासही किरकोळ निघाला. चाचणीत काही जणांचा कान दुखला, काहींना चिकटपट्टीची ॲलर्जी आली, सुईच्या भीतीनं एकाला चक्कर आली. गंभीर काही झालं नाही.

मर्यादाही ध्यानात ठेवायला पाहिजेत. आयबीएसची मुलं फक्त पन्नास. त्यांचे आधीचे औषधोपचार चालूच होते. उपचार थांबल्यावर लक्ष ठेवलं ते काही आठवडे, वर्षानुवर्षं नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. चाचणीत घेतल्यानंतरही काही मुलांच्या पोटात दुसराच आजार निघाला, म्हणून त्यांना वगळावं लागलं. एवढ्या मोठ्या रुग्णालयात तपासून घेतलेल्या मुलांचं हे, तर पत्रक वाचून जाणाऱ्याचं काय?

मोठ्या माणसांसाठी काय?

मोठ्यांवरच्या चाचण्या अजून छोट्या आहेत. २०२१ साली चीनच्या संशोधकांनी बद्धकोष्ठाचा आयबीएस असलेल्या ४२ रुग्णांवर सुई न टोचता, कानाला नुसता संपर्क ठेवून करंट देऊन पाहिला. चार आठवड्यांत खोट्या उपचाराच्या तुलनेत शौचाला सुधारणा दिसली, दुखणंही कमी झालं. डेन्मार्कमध्ये माकडहाडाजवळच्या नसेला करंट देणारं यंत्र शस्त्रक्रियेनं बसवून २१ निवडक रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१४ साली छापून आली. यंत्र चालू असताना त्रास कमी आणि बंद असताना जास्त, असं दिसलं. पण हा शस्त्रक्रियेचा मामला, ऊठसूट करण्यातला नाही. या चाचण्यांमुळं आशा वाटते, पण एवढ्यावरून चाळिशीच्या माणसानं मुलांचे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

आता त्या पत्रकाकडं वळू

आपल्या भागात फिजिओथेरपीवाले कंबर-गुडघ्याला जे करंटचं मशीन लावतात, त्याला टेन्स म्हणतात. पत्रकातल्या फोटोत तसलंच मशीन होतं, त्याच्या तारेला कानाचा चिमटा जोडलेला. अमेरिकेत मान्यता आहे ती वेगळ्या उपकरणाला. ते पाच दिवस कानावर राहतं. अर्ध्या तासाच्या दहा बैठका हा त्यातला प्रकारच नव्हे. एका बियाण्याचा दाखला दाखवून दुसरं बियाणं विकण्यासारखं हे झालं.

घरी तर असला प्रयोग कुणी करू नये. यूट्यूबवर बघून टेन्सचा पॅड मानेला लावणारे आहेत. व्हेगस हृदयाकडंही जाते, तिला चुकीच्या जागी करंट दिला तर ठोके मंदावू शकतात. ज्यांना पेसमेकर आहे, रक्त गोठत नाही असा आजार आहे किंवा अंगावर सोरायसिस आहे, त्यांना आयबी-स्टिमसुद्धा लावत नाहीत. गरोदर बाईनं आणि फेफऱ्याच्या रुग्णानंही डॉक्टरला विचारल्याशिवाय करंटच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यात आधी हे तपासा

पोटदुखी म्हणजे आयबीएसच, असं धरून चालणं हा सगळ्यात मोठा धोका. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तर आधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.

– शौचातून रक्त जाणं किंवा डांबरासारखं काळं शौचाला होणं
– काही न करता वजन उतरणं
– रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब
– अंगात बारीक ताप, रात्रीचा घाम
– रक्त कमी असणं
– पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार
– घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याच्या सुजेचा आजार

आपल्याकडं आतड्याचा क्षयरोग आहे, हे विसरून चालत नाही. त्यातही पोट दुखतं, जुलाब होतात. त्याला करंट नाही, क्षयाचीच औषधं लागतात, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कानाला चिमटा लावून महिने घालवले तर आजार आत वाढत राहतो.

आज हाताशी असलेले उपचार

करंट नाही म्हणून रुग्ण निराधार नाही. इसबगोलानं बऱ्याच जणांना फरक पडतो, पण थोड्यापासून सुरुवात करून भरपूर पाणी प्यायला पाहिजे. आतड्याची पेटक कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. कांदा, लसूण, गहू, चवळी-राजमा, दूध यातल्या काही गोष्टी काहींच्या पोटात जास्त वायू करतात. त्या काही आठवडे बंद करून मग एकेक परत सुरू करून बघायची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं मांडली, ती जगभर वापरतात. आहारतज्ज्ञाला विचारून करा. सगळंच कायमचं सोडलं तर अंगात ताकद राहत नाही.

अमिट्रिप्टिलिन नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे. मूळची नैराश्यावरची, पण कमी मात्रेत ती आतड्याच्या नसा शांत करते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर तिची खोट्या गोळीशी तुलना झाली आणि २०२३ साली निकाल आला. खऱ्या गोळीच्या गटाचा त्रास जास्त कमी झाला. आयबी-स्टिमच्या पन्नास मुलांपुढं ही चाचणी किती मोठी, ते बघा. अर्थात तीही डॉक्टरच्या सल्ल्यानंच घ्यायची. मनावरचा ताण कमी करणारं समुपदेशनही उपयोगी पडतं. याचा अर्थ आजार मनाचा आहे असा नाही. तार दोन्हीकडून जोडलेली आहे, एवढाच.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

कुणी म्हणालं, 'आमच्याकडं नव्या उपचाराची चाचणी चालू आहे', तर घाबरायचंही नाही आणि हुरळायचंही नाही. भारतात अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. ती २००७ पासून आहे आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. नोंदणीचा क्रमांक मागा. रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का विचारा. संमतीपत्र मराठीत मिळालं पाहिजे आणि ते घरी नेऊन वाचायला वेळ मिळाला पाहिजे. मूल अठराच्या आतलं असेल तर आई-बापाची सही लागते. मध्येच बाहेर पडायचा हक्क असतो. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. आणि प्रयोगासाठी रुग्णाकडूनच फी मागत असतील, तर तिथंच उठून यावं.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न

१. आयबीएसच आहे हे कुणी आणि कशावरून ठरवलं?
२. तुमचं उपकरण कुठलं? मान्यता याच उपकरणाला आहे की दुसऱ्याच कुठल्या?
३. बिनकरंटच्या उपकरणाशी तुलना झाली होती का? किती रुग्णांवर?
४. फरक पडला नाही तर पुढं काय?

आम्ही दोघं भाऊ दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेलो आणि हेच विचारलं. पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, 'तुम्हीच सांगितलं ना आयबीएस आहे.' तिसऱ्यापर्यंत गेलोच नाही.

मग शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय गाठलं. चेंबूरहून हार्बरनं कुर्ला, तिथं गाडी बदलली की पुढचंच स्टेशन. तिथं आणि परळच्या केईएमला पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत. सकाळी लवकर जावं लागतं, रांग मोठी असते. जुने सगळे कागद सोबत न्या. पोराच्या रक्ताच्या आणि मळाच्या तपासण्या नव्यानं झाल्या. दुसरा आजार निघाला नाही. डॉक्टरांनी त्याला रोजची वही ठेवायला सांगितली. काय खाल्लं, कधी दुखलं, किती वेळा जावं लागलं. सोबत एक गोळी आणि इसबगोल.

परवा भावाचा फोन आला होता. पोराचं दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण आठवड्यातले चार दिवस बरे जातात आणि कॉलेज बुडत नाही. उसाचं बिल आलंय. त्यातून पोराची क्लासची फी भरली, असं म्हणाला.

(कुठलाही उपचार सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)